गुच्छात त्सुबाकी

ज्याचं काम संपतं त्याला गुच्छ मिळतो. भूमिका मेली, परगावी निघून गेली किंवा मालिकाच संपली, की त्या दिवशीचं शेवटचं वाक्य ध्वनिमुद्रित झाल्यावर दिग्दर्शक टाळी वाजवतो. सगळे उभे राहतात. कुणीतरी सेलोफेनमध्ये गुंडाळलेली फुलं पुढे करतं, आणि ज्याचं काम संपलं त्यानं हसून चार शब्द बोलायचे असतात. रडलं तर चालतं, पण थोडंच.

म्हणून टोकियोच्या नेरिमा भागातल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत येणारा प्रत्येक जण बूट काढून सपाता घातल्या की आधी चहाच्या खोलीत डोकावतो. तिथे मोरीत एक निळी बादली असते. बादलीत फुलं असली तर आज कुणाचं तरी संपलं. हे कुणी बोलून दाखवत नाही. चहा झालाय का ते पाहत होतो, असं म्हणतात.

चिनामी तोगाशीनं त्या सकाळी डोकावून पाहिलं तेव्हा बादली रिकामी होती. तरी तिचा जीव भांड्यात पडला नाही, कारण आजच्या भागाची शेवटची पानं अजून कुणालाच मिळाली नव्हती.

मालिका कार्टूनची, नाव ‘पुष्पकन्या’. पाच शाळकरी मुली, प्रत्येकीचं एक फूल. फुलछडी फिरवून ‘उमल!’ अशी आरोळी ठोकली की त्यांचा गणवेश गळून पडायचा, पाकळ्यांचा झगा अंगावर यायचा, आणि मग त्या हिवाळ्याच्या राणीशी लढायच्या. दर रविवारी सकाळी देशभरातल्या लहान मुली नाश्त्याचा भात तसाच ठेवून ते पाहत. चिनामी त्यातल्या त्सुबाकीचा आवाज होती. त्सुबाकी म्हणजे ते लाल, जाड पाकळ्यांचं, थंडीत फुलणारं फूल. ते पाकळी पाकळी करून झडत नाही, अख्खंच्या अख्खं देठापासून सुटून खाली पडतं.

आज पहिल्या वर्षाचा शेवटचा भाग होता. फेब्रुवारीपासून दुसरं वर्ष सुरू होणार, हे वर्तमानपत्रातही आलं होतं. त्यात कोण राहणार आणि कोण नाही, हे त्या शेवटच्या पानांवर होतं. चिनामीनं वसंतात जेवणाच्या डब्यांच्या दुकानातली नोकरी सोडली होती. तिकडे गावी, त्सुरुओकाला, तिची आई रविवारी सकाळी शेजारणींना घरी बोलावून टीव्हीसमोर बसवत होती, आणि ‘ही बघा, आता ओरडेल,’ असं आधीच सांगत होती. चिनामीला दुसरं वर्ष हवं होतं. दुसरं काही तिनं हाताशी ठेवलंच नव्हतं.

“तोगाशी,” कुरोइवा दारातून म्हणाले. ते आवाजाचे दिग्दर्शक. सतत सर्दी झाल्यासारखा चेहरा, गळ्याला लोकरीची गुंडाळी. “फुलं आणायची राहिली बघ. तू जातेस का? स्टेशनाजवळच्या म्हातारीकडे. आमच्या पोरांना पाठवलं की ती कोबी उचलून आणतात.”

बाकावर बसलेले हसले. चिनामीही हसली. आणि हसता हसता तिच्या मनात लख्ख उजेड पडला. ज्याचं काम संपतं त्यालाच कुणी फुलं आणायला पाठवत नाही.

“कुणासाठी आणू? म्हणजे, कशा प्रकारची आणू?”

“चांगली आण. वर्षभर इथं फुलांचंच खातोय आपण सगळे.” कुरोइवांनी नाक पुसलं. “मोठा गुच्छ. सगळ्यांत सुंदर जे असेल ते.”

तिनं नकळत सुमिए हाबुकडे पाहिलं. सगळे आदरानं ज्यांना हाबु-सान म्हणत त्या बाकाच्या आतल्या टोकाला, मानाच्या जागी, गरम पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हिवाळ्याची राणी त्याच. साठीला आलेली बाई, शरद ऋतूत गळ्याची शस्त्रक्रिया झालेली, इस्पितळातून परत येऊन फार दिवस झाले नव्हते. राणी तर मरायचीच होती. हिवाळा संपल्याशिवाय वसंत कसा येणार?

“काय बघतेस?” हाबु म्हणाल्या. आवाज पूर्वीपेक्षा खोल गेला होता, विहिरीतून आल्यासारखा. “माझ्या डोक्यावर दुकानाचा पत्ता लिहिलाय?”

“नाही, हाबु-सान. जाते.”

“पळ. आणि येताना पोटातून श्वास घेत ये. तेवढीच सवय होईल.”

पुन्हा सगळे हसले. हे वर्षभर चाललं होतं. पहिल्याच दिवशी चिनामी माइकसमोर ‘उमल!’ म्हणून ओरडली तेव्हा हाबु उठून आल्या होत्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी मूठ तिच्या पोटात रुतवली होती. “इथून. गळ्यातून ओरडतेस काय? मासे विकतेस? पोटात नुसता भात भरून ठेवलायस का?” त्यानंतर दर आठवड्याला काही ना काही. ‘आज आमच्या मासेवालीचा गळा कसा आहे?’ चिनामी घरी जाऊन फुटोनच्या गादीत तोंड खुपसून रडायची. आणि दुसऱ्या दिवशी, त्याच रागानं, पोटातून ओरडायचा सराव करायची. आता ती पोटातूनच ओरडत असे. हे कोणामुळे झालं, याचा विचार तिनं केला नव्हता.

दाराजवळच्या जागेवरून एक मुलगी टुणकन उठली आणि तिच्यासाठी दार धरून उभी राहिली. सर्वांत लहानानं दार उघडायचं, ही इथली रीत. वर्षभर ते काम चिनामीचं होतं. गेल्या महिन्यापासून ही कारेन ओबाता येऊन बसू लागली होती, आणि चिनामी एक जागा आत सरकली होती. सोळा वर्षांची, कुठल्यातरी गाण्याच्या कंपनीची मुलगी. ‘पाहून शिकायला आलीय,’ एवढंच सांगितलं होतं. मुलगी गोड होती. मध्यंतरात चिनामीच्या मागे मागे फिरायची. ‘तोगाशी-सान, रागावल्यावर त्सुबाकी आधी श्वास घेते की नंतर? तोगाशी-सान, ती हसते तेव्हा ओठ मिटलेले की उघडे?’ चिनामीनं तिला सगळं सांगितलं होतं. असं कुणी आपल्याला विचारावं, हे तिला फार आवडलं होतं.

“सावकाश जा हं, तोगाशी-सान. बाहेर बर्फ आहे,” कारेन म्हणाली.

फुलांच्या दुकानात म्हातारी हातमोज्यांची बोटं कापून बसली होती. चिनामीनं आधी गुलाब पाहिले, मग लिली. मग तिला कोपऱ्यात, पाण्याच्या डब्यात, त्सुबाकीच्या फांद्या दिसल्या. गडद लाल, अर्धवट उघडलेल्या.

“ह्या द्या.”

“त्सुबाकी? गुच्छात?” म्हातारीनं मान वर केली. “ती फुलदाणीत ठेवायची, पोरी. गुच्छात कोण बांधतं? मान तुटल्यासारखी गळून पडतात. कुणाला द्यायचाय?”

“आमच्या एक ज्येष्ठ आहेत.”

“तब्येत बरी आहे ना त्यांची? आजाऱ्याला तर मुळीच नेऊ नकोस. समोरच्याला वाटेल, आपलं डोकं पडायची वाट बघतात लोक.”

“नुकत्याच इस्पितळातून आल्यात,” चिनामी म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. तिचा हात कात्रीवर होता, पण चालत नव्हता.

“आमच्या मालिकेतलं फूल आहे हो ते. माझ्या भूमिकेचं. म्हणून.”

हे खरंच होतं. कुणी विचारलं असतं तर चिनामीला अगदी निष्पाप तोंडानं हेच सांगता आलं असतं, आणि ते तिला ठाऊक होतं. माणूस एखादी दुष्ट गोष्ट करताना किती नीट तयारी करतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. लिलीच्या मधोमध तिनं त्सुबाकी घालून घेतल्या. सेलोफेन बांधून झाल्यावर म्हातारी म्हणाली, “संध्याकाळपर्यंत टिकल्या तर माझं नाव बदलीन.”

“संध्याकाळपर्यंत टिकायची गरज नाही.”

परतताना ती खरोखर पोटातून श्वास घेत चालली. मनात ती त्या क्षणाचं चित्र रंगवत होती. सगळे टाळ्या वाजवतायत, हाबु-सान गुच्छ घेतायत, खाली पाहतायत. त्यांना कळेल. बाकी कुणाला कळणार नाही. आणि त्यांना हसून चार शब्द बोलावे लागतील.

गुच्छ बादलीत ठेवून ती खोलीत आली तेव्हा कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. दार कारेननंच उघडलं, पण या वेळी मान खाली घालून. पानं वाटून झाली होती. चिनामीच्या जागेवर तिची प्रत पालथी ठेवलेली होती.

तिनं उभ्या उभ्या वाचलं. हिवाळ्याची राणी भाला फेकते. त्सुबाकी इतर चौघींच्या पुढे येते. भाला तिच्या छातीत जातो. त्सुबाकी: ‘मी पडले तरी... वसंत येईल.’ त्सुबाकी मरते. राणी तिच्याकडे पाहते, आणि बर्फात परत निघून जाते. मग पुढच्या पानावर, बर्फातून एक कळी वर येते. त्सुबाकी पुन्हा जन्मते. नवा झगा, नवी छडी. त्या ओळीसमोर कंसात नाव होतं: ओबाता.

चिनामीनं पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे आणलं. जणू मधलं एखादं पान चिकटून राहिलं असेल.

“बाहुली खपत नाही,” कुरोइवा काचेमागून स्पीकरवर म्हणाले. ते समोर आले नव्हते. “त्सुबाकीची. बाकीच्या चौघी जातात, ती दुकानात पडून राहते. खेळणीवाल्यांना नवी हवी. नव्या बाहुलीबरोबर गाणं हवं, गाण्याला गाणारी हवी. तुझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही, तोगाशी. काम ठीक आहे.”

“ठीक,” चिनामी म्हणाली.

“चला. माइकवर.”

दिवे मंद झाले. पडद्यावर चित्रं अजून पुरी झालेली नव्हती, नुसत्या पेन्सिलीच्या रेषा थरथरत होत्या. ज्याचं वाक्य असेल त्याच्या रंगाची रेघ पडद्यावर उमटते, रेघ आहे तोवर बोलायचं, रेघ गेली की थांबायचं. त्सुबाकीची रेघ लाल. चिनामी माइकसमोर उभी राहिली. शेजारच्या माइकवर हाबु आल्या. त्यांनी थर्मास खाली ठेवला, एक घोट गिळला, आणि राणीच्या आवाजात म्हणाल्या, “फुलांनो, तुमचा ऋतू संपला.” खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा आला.

लाल रेघ उमटली. चिनामीनं तोंड उघडलं, आणि आवाज फुटला. ‘वसंत’ या शब्दावर तिला हुंदका आला आणि लाल रेघ कधीच निघून गेली.

“कट,” स्पीकर म्हणाला. “तोगाशी, तू रडते आहेस.”

“माफ करा.”

“तोगाशी रडली तर कुणाला काय त्याचं? पोरी रडल्या पाहिजेत. टीव्हीसमोरच्या. मला वाटलं होतं, आयत्या वेळी कळलं तर खरं काहीतरी येईल. खरं आलं, पण ते कामाचं नाही. पुन्हा.”

म्हणजे पानं मुद्दाम उशिरा दिली होती. फुलं आणायला तिला मुद्दाम पाठवलं होतं. चिनामीनं हाबुकडे पाहिलं. हाबु पडद्याकडे पाहत होत्या.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा ती आधीच संपवून मोकळी झाली. चौथ्या वेळेनंतर काचेमागे कुणीतरी काहीतरी बोललं आणि कुरोइवा म्हणाले, “हे ठेवू. जोडून घेऊ. वेळ नाही. ओबाता, तयार राहा.”

मग टाळी वाजली.

कुरोइवा आता बाहेर आले. सगळे उभे राहिले. मदतनीसानं चहाच्या खोलीतून गुच्छ आणला आणि रीतीप्रमाणे सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती दिला. हाबुंनी तो घेतला. सेलोफेन कुरकुरलं. त्यांनी खाली पाहिलं, लिली बाजूला करून आत पाहिलं.

“त्सुबाकी,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी म्हणालं, “वा, तिचंच फूल! किती छान.”

“छानच,” हाबु म्हणाल्या. “मला सकाळपासून कळत नव्हतं, ही पोरगी फुलं आणायला एवढी खूश होऊन का चाललीय. बाहेर बर्फ पडतोय आणि ही नाचत जातेय.” त्या हसल्या. त्यांच्याबरोबर सगळे हसले, कारण त्या हसल्या म्हणजे हसायचं असतं. “देठ तिरके कापलेत. पाणी चांगलं पितील. निवडली कुणी? म्हातारीनं की तू?”

“मी,” चिनामी म्हणाली.

“वाटलंच मला.” त्यांनी गुच्छ पुढे केला, दोन्ही हातांनी, मान झुकवून, अगदी जसा करायला हवा तसा. “वर्षभर श्रम झाले. हे तुला.”

चिनामीनं घेतला. सगळे वाट पाहत होते.

“वर्षभर... खूप शिकायला मिळालं,” ती म्हणाली. “हाबु-साननी पोटातून बोलायला शिकवलं. सगळ्यांना त्रास दिला, माफ करा. त्सुबाकीला...” इथं ती हसली. “त्सुबाकीला सांभाळा.”

टाळ्या. कुरोइवांनी टाळ्या वाजवता वाजवता घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात काचेमागचा तंत्रज्ञ दार उघडून म्हणाला, “साहेब, त्या चौथ्यात कागदाचा आवाज आलाय. जोडता येणार नाही.”

“अरेरे,” कुरोइवा म्हणाले. “तोगाशी, जरा एकदा येशील?”

निरोप घेऊन झालेलं माणूस परत माइकसमोर गेलेलं त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. चिनामीनं गुच्छ बाकावर ठेवला. दिवे मंद झाले. लाल रेघ आली. चिनामीनं पोटातून श्वास घेतला, आणि वाक्य म्हटलं. आवाज कोरडा होता, हळू, काठोकाठ. त्यात तोगाशी कुठेच नव्हती. एक लहान मुलगी मेली. रेघ संपली तेव्हाच वाक्य संपलं.

बाकावर एका तरुण नटानं डोळे पुसले.  मग स्पीकर म्हणाला, “हे. हेच. वर्षभर असं केलं असतंस तर.”

ती वाकली, बाकावरचा गुच्छ उचलला आणि बाहेर आली.

चपलांच्या फळीवर गुच्छ ठेवून ती बूट घालत होती तेव्हा हाबु शेजारच्या चहाच्या खोलीत थर्मासमध्ये गरम पाणी भरायला आल्या.  पाणी भरायचा आवाज येत राहिला. मग सपाता फटफटवत कारेन धावत आली. तिचे डोळे लाल होते. खरेच लाल होते, नाटक नव्हतं.

“तोगाशी-सान! मला खरंच माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं, पण सांगायचं नव्हतं. माझ्यावर रागावू नका. मला फार भीती वाटतेय. माझी पहिलीच ओळ ‘उमल’ आहे. ती कशी म्हणू? तुम्ही कशी म्हणायचात? एकदा सांगा ना. मी तशीच म्हणेन. कायम तशीच म्हणेन, शपथ.”

चिनामीनं बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या बुटाची बांधली. मग ती उभी राहिली आणि तिनं दोन बोटं कारेनच्या गळ्यावर ठेवली, मधोमध, अगदी हळुवार.

“इथून,” ती म्हणाली. “पूर्ण इथून. दुखलं तर समज, बरोबर चाललंय.”

“दुखलं तरी?”

“तेव्हाच ते खरं वाटतं. आणि प्रत्येक वेळी जरा जास्त. कुणी ‘पोटातून म्हण’ असं सांगितलं तर हो म्हणायचं, पण करायचं हेच. लोकांना तुझा ताजेपणा मारायचा असतो.”

“गळ्यातून,” कारेननं घोकलं. तिनं एवढं खोल वाकून नमस्कार केला की तिचे केस जमिनीला टेकले. “कधी विसरणार नाही.”

ती गेली. हाबु थर्मास हातात धरून उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यावर, लोकरी कॉलरच्या वर, शस्त्रक्रियेची गुलाबी रेघ दिसत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्या आत जाऊन त्या पोरीच्या पोटात मूठ रुतवतील, चिनामीला वाटलं. अजून वेळ होता.

हाबुंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

“माझ्या ज्येष्ठ बाईंनी मला हेच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “अगदी हेच. दुखलं तर बरोबर चाललंय.” त्यांनी गळ्यावरच्या रेघेला बोट लावलं. “म्हणून तुला पोटातून शिकवलं. वाटलं होतं, तुझ्याशी संपेल ते.”

“तुम्ही तिला सांगू शकता.”

“मी कशाला सांगू? ती काय माझी आहे?” त्यांनी गुच्छाकडे बोट केलं. एक त्सुबाकी सुटून केव्हाच जमिनीवर पडली होती, अख्खी, तोंड वर करून. “ते उचल. कुणाचा तरी पाय पडेल.”

चिनामीनं उचललं नाही. हाबुंनीही उचललं नाही.

आतून, जाड दाराआडून, कारेनची आरोळी आली. “उमल!” खणखणीत, कोवळी, सगळ्या गळ्यातून. मागोमाग कुरोइवांचा आनंदलेला आवाज. “वा! असंच. अजून एकदा, जरा मोठ्यानं!”

पुन्हा आरोळी आली. मग पुन्हा. त्या वेळी आवाजाच्या शेवटी, अगदी टोकाला, बारीकशी खरखर होती. काचेमागच्यांना ती ऐकू गेली नसावी. दाराबाहेर उभ्या असलेल्या दोघींना ऐकू आली, आणि त्या पुढच्या आरोळीसाठी थांबल्या.